काय फेल झालं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरा नमुना तुटला. मी आकडा वहीत टिपला, हात पुसले आणि निकाल भरायला संगणकासमोर बसले, तर यादीत 'फेल' हा शब्दच नव्हता. निकालाच्या रकान्यावर बाण नेला की खाली एक छोटी यादी उघडते, तिच्यातला एक शब्द निवडायचा असतो. गेल्या आठवड्यापर्यंत तिच्यात दोनच शब्द होते, पास आणि फेल. आता पहिल्याच्या जागी 'समाधानकारक' आलं होतं आणि दुसऱ्याच्या जागी 'पुनर्तपासणी आवश्यक'. मी यादी बंद केली, पुन्हा उघडली. नेहमीच्या खुंटीवर किल्ली दिसली नाही तरी आपण एकदा खुंटीवरून हात फिरवून बघतो, तशी. शब्द नव्हता. खाली यंत्राच्या खोलीत मिस्त्री तुटलेल्या दोराचे दोन तुकडे फडक्यात गुंडाळत होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज जिन्यातून वर येत होता. बाकी सगळं रोजच्यासारखं होतं.

सव्वीस वर्षं मी हा शब्द लिहिते आहे. आमची प्रयोगशाळा वस्तू तोडते. लोक आपापले दोर, साखळ्या, हूक, पट्टे आमच्याकडे पाठवतात, आम्ही ते यंत्राच्या दोन टोकांत पकडतो आणि तुटेपर्यंत ताणतो. आमच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू शेवटी तुटतेच. किती ओझ्याला तुटली, एवढाच प्रश्न असतो. त्यामुळे बाहेरच्या लोकांना या शब्दाची जी दहशत वाटते ती मला कधी वाटली नाही. म्हणजे इथे आल्यानंतर तरी नाही. बाहेर तो शब्द कसाही वापरतात. ब्रेक फेल झाला. किडनी फेल झाली. पाहुण्यांसाठी केलेला बेत फेल गेला. माझी आत्या नव्या सुनेचं कौतुक करताना म्हणायची, हिच्या हातापुढं आमचे सगळ्यांचे हात फेल. एकच शब्द आजारपणात, रस्त्यावर, स्वयंपाकघरात आणि कौतुकात, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा सैल, कोणाच्याही मापाचा असावा असा. आमच्याकडे मात्र त्याला माप आहे. या दोरानं सहा टन ओझं पेलायला हवं. पेललं नाही तर फेल. त्यात राग नाही की कीव नाही. सहाच्या अलीकडे तो शब्द, पलीकडे दुसरा. या शब्दाला इतक्या स्वच्छ जागेत वापरणारी माणसं फार नाहीत आणि त्यांतली मी एक आहे, याचा मला अभिमान वाटतो. तो मी कधी बोलून दाखवलेला नाही. बोलून दाखवण्याजोगा तो नाहीच.

साहेबांची खोली जिन्याच्या डोक्याशी आहे. माझ्यापेक्षा ते सतरा वर्षांनी लहान, हुशार, बोलायला नीट. मी दारातूनच म्हटलं, "सर, यादीतला एक शब्द गेलाय."

"गेला नाही मॅडम, काढला. मीच सांगितलं काढायला. बसा ना."

"का काढला?"

"नकारात्मक वाटतो हो. गिऱ्हाईक पाकीट उघडतं आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरात फेल. शाळेचं प्रगतिपुस्तक आल्यासारखं तोंड होतं त्यांचं. पुनर्तपासणी म्हटलं की दार उघडं राहतं."

"दार उघडं राहतं म्हणूनच आलेय. त्या दारातून रीळ बाहेर जाईल."

ते रीळ खाली आमच्याच आवारात सील लावून ठेवलं होतं. एका सोळा मजली इमारतीच्या लिफ्टसाठीचा तारेचा दोर, सातशे मीटर. त्यातूनच आम्ही तीन नमुने कापून घेतले होते. कागदावर 'फेल' लिहिलं आणि खाली माझी आणि साहेबांची अशा दोन सह्या झाल्या, की मिस्त्री त्या अख्ख्या रिळाचे हातहातभर तुकडे करून टाकतात. कोणी म्हणता कोणी ते पुन्हा लिफ्टला बांधू शकत नाही. पुनर्तपासणी लिहिलं तर रीळ मालकाकडे परत जातं आणि मग तो नवे नमुने पाठवतो, आपल्या पसंतीचे. ते नमुने त्याच रिळाचे आहेत की नाहीत, हे सांगायला कोणतंही यंत्र नाही. साहेबांना हे ठाऊक होतं. ते पेन बोटांत फिरवत राहिले.

"शब्द लागतो हो माणसाला," ते म्हणाले.

"दोराला नाही लागत."

ते हसले. मलाही हसू आलं. बोलून गेल्यावर आपलंच वाक्य आपल्याला आवडतं तसं. मग त्यांनी माझी वही पुढे ओढली. "बरं, आकडे बघू. दुसरा, पाच पूर्णांक सात, मधोमध तुटला. ठीक. पहिला, चार पूर्णांक नऊ, टोकाला, पकडीच्या साच्याच्या तोंडाशी. आणि पुढचा रकाना कोराच?" त्यांनी मान वर केली. "नियम मीही वाचलाय, मॅडम. तीन नमुन्यांतले दोन कमी भरले की झालं. पहिल्याचा दोष दोराचा असेल तर दोन झालेच. तुम्ही हातानं लिहा फेल, मी आत्ता सही करतो. पण तोंडाशी तुटलाय. दोराचाच दोष ना? नक्की?"

मी म्हटलं, भिंगाखाली बघून सांगते. खरं म्हणजे तो नमुना सोमवारी दुपारीच तुटला होता आणि भिंग माझ्या टेबलावर हाताच्या अंतरावर होतं.

तो रकाना आमच्याकडे मोठ्या साहेबांनी सुरू केला. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, जाऊन सहा. मी नवी होते तेव्हा एका छोट्या कारखान्याच्या साखळीवर मी फेलचा शिक्का मारला होता आणि दोन दिवसांनी माझ्याच लक्षात आलं की यंत्राचा जबडा मी जास्त आवळला होता, साखळीची कडी ताणानं तुटली नव्हती, चेपून तुटली होती. मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. सांगताना आवाज जाऊ नये म्हणून वाक्यं पाठ केली होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फेल झालं हे खरं आहे?" मी म्हटलं, हो. "फक्त साखळी झाली नाही." मी म्हटलं, नाही, मी झाले. "मग तसं लिहायला वहीत जागा कुठाय?" असं म्हणून त्यांनी पट्टी घेतली आणि वहीच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं, काय फेल झालं. त्यात चारांतलं एक उत्तर लिहायचं: वस्तू, पकड, यंत्र, माणूस. तेव्हापासून प्रत्येक वहीत तो रकाना आहे. संगणक आला तेव्हा त्यात तो घेतला गेला नाही, पण माझी वही चालू राहिली. सव्वीस वर्षांत 'माणूस' असं तीन वेळा लिहिलं गेलं आहे आणि तिन्ही वेळा ते माझ्या अक्षरात आहे. इथे दुसरे नऊ तपासनीस येऊन गेले. ते कधीच चुकले नाहीत असं वहीवरून दिसतं.

सोमवारी तो रकाना मी कोरा सोडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. स्वतःला सांगितलं की भिंगाखाली बघून भरू, आणि मग भिंगाखाली बघितलं नाही.

तारेचा दोर यंत्रात नुसता पकडता येत नाही, निसटतो. म्हणून त्याची दोन्ही टोकं उसवून, केरसुणीसारखी पिंजून, धुऊन एका निमुळत्या साच्यात घालायची आणि वरून वितळलेलं जस्त ओतायचं. जस्त फार तापलेलं असलं तर साच्याच्या तोंडाशी तारा भाजून मऊ पडतात आणि दोर तिथे तुटतो. मग ते दोराचं तुटणं राहत नाही. जस्त बरोबर तापलंय की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. मऊ लाकडाची काडी त्यात बुडवायची. काडीला धातू चिकटून आला तर जस्त थंड आहे. काडी काळी पडली तर फार तापलं. फिकट तपकिरी रंगावर बाहेर आली की ओतायचं. आकडा दाखवणारं उपकरणही आहे, पण मिस्त्री काडीशिवाय ओतू देत नाहीत. शनिवारी पहिला साचा ओतताना साहेब बघायला उभे होते. मिस्त्री काडी आणायला वळले आणि मी म्हटलं, "राहू द्या. मला काडी लागत नाही आता. रंगावरून कळतं." आणि ओतलं. म्हटलं ते खरंही होतं, बहुतेक वेळा मला कळतं. पण त्या दिवशी मी ते जस्ताकडे बघून म्हटलं नव्हतं, साहेबांकडे बघून म्हटलं होतं.

मी भिंग लावलं. नीट ताणानं तुटलेली तार टोकाशी बारीक होत जाते आणि पेल्यासारखी खोलगट तुटते. दुसऱ्या नमुन्याच्या तारा तशा होत्या. पहिल्याच्या तोंडाजवळच्या तारांवर निळसर झाक होती, आणि त्या चिखलातून उपसल्यासारख्या लांब, लुळ्या ओढल्या गेल्या होत्या. एकशे चौदा तारांपैकी मी चाळीस मोजल्या आणि मोजणं थांबवलं. पुरावा पुरेसा झाला होता म्हणून थांबवलं. पुढे तरी बरं काही निघेल या आशेनं मी मोजत राहिले असते तर ती मोजणी राहिली नसती.

आता गंमत अशी होती की दोर खराबच होता. दुसऱ्या नमुन्याच्या तारा मी मायक्रोमीटरनं मापल्या होत्या. वरच्या थरातल्या मापात, आतल्या थरातल्या केसभर बारीक. म्हणजे पहिल्यासमोर मी 'वस्तू' एवढा दोन अक्षरांचा शब्द लिहिला असता तर दोन नमुने झाले असते, साहेब आत्ता सही करायला बसलेच होते, आणि संध्याकाळपर्यंत सातशे मीटर दोराचे तुकडे झाले असते. निकाल बरोबर आला असता. एकही माणूस फसला नसता. तिसरा नमुना सहा टनांच्या वर गेला तर, आणि तो जाऊ शकतो, एका रिळातही थोडं इकडंतिकडं असतंच, तर रीळ परत जाईल आणि कोणत्या तरी इमारतीत लटकेल, केवळ मी चाळीस तारा मोजल्या म्हणून. मी पेन उघडं ठेवून बसले होते. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होतं. मला मोठ्या साहेबांची आठवण यायला हवी होती, पण आली नाही. मला शाल आठवली.

ती तपकिरी रंगाची, लोकरीची, अंगाला टोचणारी शाल होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी गणितात फेल झाले तेव्हा आईनं घरात तो शब्द उच्चारू दिला नाही. आमच्याकडे विषय 'राहायचा'. शेजारचा मुलगा नापास व्हायचा, मावसभाऊ गचकायचा, माझा विषय राहिला. आणि बाहेरच्यांसाठी तर तेही नाही. बाहेर सांगितलं गेलं की मला अशक्तपणा आलाय, डॉक्टरांनी वर्षभर विश्रांती सांगितली आहे. मग त्या वाक्यामागून बाकी सगळं आलं. पाहुणे आले की मी शाल पांघरून खिडकीशी बसायचं. टेबलावर औषधाच्या दोन बाटल्या, एकीत नुसतं साखरेचं पाणी. दादा मोठ्यानं विचारायचा, "आज ताप मोजला का?" आणि आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसायचा. मे महिन्याच्या उकाड्यात मी शालीत घामानं थबथबून बसलेली असायची आणि पाहुणे म्हणायचे, बघा, किती घाम येतोय पोरीला. हळूहळू मला खरंच अशक्त वाटायला लागलं. जिना चढताना दम लागायचा. गणिताचं पुस्तक त्या वर्षात कोणी काढलं नाही, कारण आजारी माणसानं डोक्याला ताण द्यायचा नसतो. मी कुठे अडले होते, कोणत्या पानावर, हे मलासुद्धा कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आठव्या महिन्यात आत्या सफरचंदांची पिशवी घेऊन आली. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा मी आत्याला म्हटलं, "मी आजारी नाहीये. मी फेल झालेय." आत्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "आणि मी एवढी महागाची सफरचंदं आणली!" असं म्हणून तिनं त्यातलं एक काढलं आणि करकचून चावलं. "कशात झालीस?" मी म्हटलं, गणितात. "कुठल्या?" आणि तो प्रश्न ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी शाल काढून टाकली. आत्याला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी तिला अर्धा तास सांगत होते आणि ती सफरचंद खात होती, आणि सांगता सांगता मला दिसलं की मी कुठे अडले होते.

मी पहिल्या नमुन्यासमोर 'माणूस' लिहिलं, सही केली आणि वही घेऊन जिना चढले. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"अहो, मी सही करत होतो की."

"हो."

"म्हणजे आता सगळं तिसऱ्यावर."

"तिसऱ्यावर."

"आणि तो वर गेला तर?"

"तर रीळ जाईल. मी मालकाला आतल्या तारांबद्दल वेगळं पत्र लिहीन. ते बंधनकारक नाही, पण लिहीन."

त्यांनी वही मिटून परत दिली. मी खाली आले तेव्हा मिस्त्री साचा तापवत होते. मी म्हटलं, "मिस्त्री, काडी द्या." त्यांनी काडी आधीच काढून खिशाला लावून ठेवली होती. देताना म्हणाले, "बाई, रंगावरून कळतं ना पण?" चेहरा अगदी सरळ ठेवून. चौदा वर्षं आम्ही बरोबर काम करतो. एवढं बोलायचा त्यांचा हक्क आहे. मी म्हटलं, "कळतं. आज काडीला विचारते." पहिली काडी काळी आली. दहा मिनिटं थांबलो. दुसरी तपकिरी, त्यांच्या मते. मला गडद वाटली. पुन्हा थांबलो. तिसरी फिकट तपकिरी, दोघांच्याही मते. ओतलं. जस्त निवताना वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो, त्याच्याकडे बघत मी उभी राहिले.

संध्याकाळी घरी आले तर आई गॅलरीत कपड्यांच्या घड्या करत होती. एक्याऐंशी वर्षांची आहे. घड्या अजून माझ्यापेक्षा नेटक्या होतात. चहा घेताना मी तिला यादीची गोष्ट सांगितली.

"बरं केलं," ती म्हणाली. "घाणेरडा शब्द. माणसाच्या अंगाला चिकटतो."

"दोराबद्दल आहे गं, माणसाबद्दल नाही."

"सगळं शेवटी माणसावरच येतं."

"तेही खरंय. आई, शनिवारी मीच झाले. जस्त जास्त तापलं होतं."

"असं नको म्हणूस. हात थकला असेल. दिवसभर उभी असतेस."

"हात थकला नव्हता. शायनिंग मारत होते."

आईला हा शब्द ठाऊक होता. तिला हसू आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं. थोडा वेळ आम्ही दोघी घड्या करत बसलो. पलीकडच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवा लागत होता. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या वर्षी मी तुला आजारी म्हटलं ना."

चौतीस वर्षांत तिनं हा विषय स्वतः काढला नव्हता. मी हातातला टॉवेल तसाच धरला.

"निकालाच्या दिवशी तू संध्याकाळी गच्चीवर गेलीस. मी मागून आले होते. तू कठड्याला रेलून खाली बघत होतीस. मला वाटलं, हिला एकटं ठेवायला नको. फेल झालेली पोर एकटी बसते. आजारी पोरीपाशी सारखं कोणी ना कोणी असतं. म्हणून."

मी त्या संध्याकाळी गच्चीवर गेले होते हे मला आठवत होतं. खाली का बघत होते, ते आठवत नव्हतं. कदाचित काहीच नसेल, खाली बघायला असतं म्हणून माणूस बघतो. की असेल? ते आता कोणत्याही भिंगाखाली दिसण्यासारखं नव्हतं. एवढंच दिसत होतं की एका बाईनं वर्षभर, पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर, सख्ख्या नणंदेसमोर साखरेचं पाणी चमच्यानं मोजून दिलं होतं आणि तोंडाची रेषही हलू दिली नव्हती. माझ्या आईसारखी ताठ बाई. खोटं बोलणाऱ्याला ती उंबऱ्याच्या आत घेत नसे. मी म्हटलं, "मला वाटलं तुला लाज वाटते माझी."

"लाज?" तिनं टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला, कारण मी घडी चुकवली होती. "आजारी म्हटलं तर लोक फळं आणतात. तुझी आत्या सोडून. तिनं आणली आणि निम्मी स्वतःच खाल्ली."

बुधवारी सकाळी साहेब आमच्याआधी यंत्राच्या खोलीत येऊन उभे होते. मिस्त्रींनी नमुना चढवला, जाळीचं दार लावलं. सुरुवातीला काहीच होत नाही. दोर नुसता सरळ होतो, सुरकुत्या गेल्यासारखा. मग आवाज सुरू होतो, आतून, दाणे भरडल्यासारखा. तारा एकमेकींवर बसत असतात. चार टन. पाच. पहिला नमुना जिथे गेला ते चार पूर्णांक नऊ आम्ही ओलांडलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं नाही, हे मला कळलं. पाच पूर्णांक सहा. पाच पूर्णांक सात. एक तार तुटली, टिचकी मारल्यासारखी. मग काही नाही. आकडा वर चढत राहिला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हा तुटावा. तपासनिसाला असं वाटायला नको. मी आकड्यावरची नजर काढून साच्याच्या तोंडाकडे लावली. तुटायचा तर तिथे नको, एवढंच वाटायची मला परवानगी होती. मग दोर गेला. जाळी हादरली, छातीत ठोका बसला, आणि खोलीभर तेलाचा वास पसरला. मधोमध तुटला होता. पाच पूर्णांक आठ.

"दोनशे किलो," साहेब म्हणाले. बराच वेळ ते तुटलेल्या टोकांकडे बघत होते. "मॅडम, लिफ्टमध्ये माणसं किती, आठ. सहाशे किलो. तसे पाच दोर लावतात. दहापटीच्या वर धरलेलं असतं सगळं. हे दोनशे किलो कोणाला कळणारसुद्धा नाहीत."

"दहापट कशाला धरलंय, सर?"

"सुरक्षेसाठी."

"बसवणारा एखादी पकड सैल ठेवेल म्हणून. तेल घालणारा एक महिना विसरेल म्हणून. आठ जणांच्या जागी अकरा शिरतील म्हणून. माझ्यासारखी एखादी जस्ताकडे न बघता ओतेल म्हणून. ती दहापट माणसांच्या चुकांसाठी राखून ठेवलीय, दोरानं त्यात वाटा मागायचा नाही. दोराचं काम सहा टन."

मी इतकं सलग सहसा बोलत नाही. मिस्त्री फडकं पिळत उभे राहिले. साहेबांनी माझ्या हातातली वही घेतली आणि पहिल्या ओळीवर, 'माणूस' आणि त्याखालच्या माझ्या सहीवर, बोट ठेवलं. त्यांचं नख अगदी बारीक कापलेलं होतं.

"हे असंच राहणार? पुढं कोणी चौकशीला वही काढली तर?"

"राहणार. ते खरं आहे म्हणून तर खालच्या दोन ओळींना किंमत आहे."

ते वर गेले. पाच मिनिटांनी छापलेला अहवाल घेऊन आले. निकालाची जागा कोरी ठेवली होती. "यादीतून काही निवडल्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही," ते म्हणाले, "म्हणून मी अर्ध्यावरच छापला. सिस्टीम हे घेणार नाही हं."

"सिस्टीमनं नाही घेतलं तरी चालेल. मिस्त्रींनी घेतलं की झालं."

मी पेननं लिहिलं. दोन अक्षरं. फ ला मात्रा, आणि ल. हजारो वेळा लिहिलेली, तरी मी ती सावकाश लिहिली, शिरोरेघ सरळ ओढली. खाली सही केली. साहेबांनी त्यांची केली, आणि पेनचं टोपण लावता लावता म्हणाले, "शब्द परत घालायला सांगतो. पण तो पहिल्या पानावर ठळक नको."

"बारीक चालेल," मी म्हटलं. "असला म्हणजे झालं."

आवारात ऊन होतं. पहिला काप सही करणाऱ्यानं मारायचा असतो. मिस्त्रींनी मला चष्मा दिला, हातमोजे दिले, कापायचं चाक सुरू करून हातात दिलं आणि दोन पावलं मागं सरकले. ठिणग्या पायाशी सांडल्या. दोर कापला जाताना टोकाशी फुलून येतो, इतका वेळ धरलेला श्वास सोडल्यासारखा. मी पहिला तुकडा केला, मग दुसराही केला, मग चाक मिस्त्रींना दिलं. साहेब दाराशी उभे होते. कामाचा कागद हातात होता पण वाचत नव्हते.

ती सोळा मजली इमारत मी बघितलेली नाही आणि बघायला जाणारही नाही. काही महिन्यांनी तिथे दुसरा दोर लागेल, तोही आमच्याकडे येईल, त्याचेही नमुने आम्ही तोडू. मग एखादी बाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरेल, बटण दाबेल, आरशात बघून केस सारखे करेल. अकराव्या मजल्यापर्यंत किती वेळ लागतो या लिफ्टला, असं म्हणून कंटाळून जांभई देईल. दार उघडेल आणि ती मागे न बघता निघून जाईल.